वाचकांचे प्रश्न : क्लीटच्या बुटांची पहिली जोडी

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून गेली दोन वर्षे घरापासून शाळेपर्यंतचे १४ किलोमीटरचे अंतर गिअरच्या हायब्रिड सायकलने जातो-येतो. त्यातील सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता गिट्टी-मुरमाचा आहे आणि पावसाळ्यात नाल्याजवळ सायकल हाताने ढकलत न्यावी लागते. येत्या हिवाळ्यात नागपूरहून निघणारी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करण्याचा विचार आहे. सोबतचे सायकलस्वार सांगतात की, पेडलला अडकणारे बूट घेतल्याशिवाय एवढा पल्ला गाठता येत नाही. दुकानात पाहिले, तर दोन बोल्टचे, तीन बोल्टचे, नायलॉनच्या तळाचे, कार्बनच्या तळाचे असे इतके प्रकार आहेत की काहीच ठरवता येत नाही. मी नेहमी ८ नंबरची चप्पल वापरतो. पहिली जोडी कोणती घ्यावी? शिवाय वाटेत अचानक थांबावे लागले, तर पाय वेळेवर सुटेल का, ही भीती मनातून जात नाही.
– एक शिक्षक, दारव्हा तालुका

उत्तर : गुरुजी, हे बूट नसतील तर पल्ला गाठता येत नाही, हे सोबत्यांचे म्हणणे आधी बाजूला ठेवावे. २०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरपेक्षा थोडा कमी वेग पुरतो, आणि साध्या पेडलवर, साध्या खेळाच्या बुटांत हे अंतर पुरे करणारे अनेक जण आहेत. तेव्हा खरेदी नाइलाजाने करू नये. मात्र हे बूट उपयोगाचे नाहीत, असेही नाही. आठ-दहा तास सायकल चालवताना पाय पेडलवर एकाच जागी राहतो, खड्ड्याच्या हादऱ्याने घसरत नाही, आणि बुटाचा तळ कडक असल्यामुळे पेडलचा दाब चवड्याच्या एकाच बिंदूवर न येता सगळीकडे पसरतो. मऊ तळाच्या बुटांत १०० किलोमीटरनंतर तळपायाला जी आग सुटते, ती यात बरीच कमी होते. माझ्या मते खरा लाभ हाच आहे. वेगाचा लाभ दुय्यम आहे.

बूट आणि पेडल या दोन वेगळ्या वस्तू मानून वेगवेगळ्या वेळी विकत घेणे, ही पहिल्या खरेदीतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बुटाच्या तळाला जो लहान तुकडा बोल्टने बसवतात, त्याला क्लीट म्हणतात, आणि तो ठरावीक पद्धतीच्या पेडलमध्येच अडकतो. त्यामुळे आधी पद्धत ठरवावी, मग त्या पद्धतीचे पेडल, आणि त्यानंतर त्याच पद्धतीची छिद्रे असलेला बूट निवडावा.

मुख्य पद्धती दोन आहेत आणि त्या कशा जन्मल्या हे पाहिले की निवड बरीच सोपी होते. पूर्वी शर्यतीतील सायकलस्वार पेडलवर लोखंडी टो-क्लिप लावून पाय चामडी पट्ट्याने आवळत असत. सोडवायचा तर खाली वाकून पट्टा ढिला करावा लागे. बर्फावरून घसरण्याच्या स्कीच्या पट्टीवर बूट अडकवण्याची यंत्रणा बनवणाऱ्या फ्रान्समधील लुक कंपनीने १९८४ मध्ये तीच कल्पना सायकलच्या पेडलवर आणली, आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो याने त्या पेडलवर टूर दि फ्रान्स ही शर्यत जिंकली. तीन बोल्टची आजची रुंद प्लॅस्टिक क्लीट त्या घराण्यातली आहे. ती शर्यतीसाठी जन्मली, आणि शर्यतीत स्वार सायकलवरून उतरून चालत नाही. जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये एसपीडी ही दुसरी पद्धत आणली, ती डोंगरी सायकलस्वारांसाठी. त्यांना चढावर, दगडगोट्यांत, चिखलात उतरून चालावे लागते, म्हणून क्लीट लहान आणि पोलादी ठेवली, ती दोन बोल्टांनी बसवली आणि बुटाच्या रबरी तळात खोलगट जागा करून आत दडवली. चालताना जमिनीला रबर टेकते, धातू सहसा टेकत नाही.

आपण नाल्याजवळ उतरून सायकल ढकलता, शाळेच्या व्हरांड्यात चालता, आणि बीआरएममध्येही दर कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, उतरून कार्डावर शिक्का घ्यायचा असतो, चहाच्या टपरीपर्यंत जायचे असते. म्हणून मी नि:संकोच सांगतो की पहिली जोडी दोन बोल्टची, खोलगट क्लीटची आणि रबरी खाचांच्या तळाचीच घ्यावी. तीन बोल्टच्या बुटांत प्लॅस्टिकचा उंचवटा बाहेर असतो. गिट्टीवर चार पावले चालले की तो झिजू लागतो आणि फरशीवर घसरतो.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे, आणि ते शहरातल्या सल्लागारांच्या सहसा लक्षात येत नाही. आपली काळी माती पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर पांदण रस्त्याने दहा पावले चालून पाहा, चपलेखाली किलोभर माती चिकटते. तीच माती क्लीटच्या भोवतीच्या खळग्यात आणि पेडलच्या स्प्रिंगमध्ये बसते, वाळते, आणि मग क्लीट अडकतच नाही, किंवा अडकली तर सुटायला जड जाते. तीन बोल्टच्या पद्धतीत हा त्रास फार होतो. दोन बोल्टची पद्धतही त्यातून पूर्ण सुटलेली नाही, पण तिची पेडल उघड्या बांधणीची असतात, माती खाली गळून पडायला वाट असते आणि बूट पेडलवर दोन-तीनदा आपटला तरी बहुधा काम होते. पावसाळ्यात सीटखालच्या पिशवीत बोटभर लांबीची टोकदार काडी किंवा जुना स्क्रूड्रायव्हर ठेवावा. तरीही नाल्याचा तो तुकडा ओला असेल त्या दिवसांत साधे पेडल बरे. यासाठी एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असलेली पेडल मिळतात. शिमानोचे ईएच-५०० हे त्याचे उदाहरण. शाळेत चपलेने जाता येते आणि रविवारी लांब पल्ल्याला तीच सायकल क्लीटच्या बुटांनी चालवता येते. आपल्या गरजेला मला हेच पेडल सर्वांत जवळचे वाटते. दोन्ही बाजूंनी अडकणारे एम-५२० अधिक साधे व दणकट आहे, पण त्यावर रोज चपलेने जाणे त्रासाचे होईल.

आता मापाकडे येतो, कारण बुटाची निवड अखेर तिथेच ठरते. आपला ८ नंबर हा इंग्लंडच्या पद्धतीचा आहे. त्यात एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो. सायकलच्या बुटांवर मात्र ४२, ४३ असे युरोपीय आकडे असतात आणि त्यात एका आकड्याचा फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास येतो. या दोन फूटपट्ट्या एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत, म्हणून ‘८ म्हणजे ४२’ असे तोंडी गणित करून मागवू नये. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असताना, वापरायचे तेच मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. दोन्ही पाय मोजावेत. बहुतेकांचे पाय सारखे नसतात आणि मोठ्या पायाचे माप खरे धरायचे असते. मग कंपनीच्या तक्त्यात ते माप शोधावे.

लांबी जुळली म्हणजे काम झाले, असे नाही. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेला, वावरात राबलेला पाय चवड्याशी रुंद आणि बोटांशी पसरट असतो. युरोपात बेतलेले बरेच सायकलचे बूट चवड्याशी अरुंद असतात. लांबीने नेमका असलेला बूट करंगळीवर दाबत असेल, तर पुष्कळ जण एक आकडा मोठा घेतात. मग टाच आत सैल राहते, पाय पुढे सरकतो आणि त्रास दुप्पट होतो. त्याऐवजी रुंद साच्याचा बूट मागावा. शिमानोच्या काही बुटांत नेहमीच्या मापाबरोबर रुंद मापही निघते. आपला चवडा रुंद आहे की नाही हे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे कागदावरचा पायाचा आराखडा कापून तो बुटातून काढलेल्या आतल्या तळव्यावर ठेवणे. आराखडा दोन्ही बाजूंनी भरपूर बाहेर येत असेल, तर तो बूट आपला नव्हे.

घरी बूट आला की क्लीट लगेच बसवू नये, कारण बोल्टचे व्रण तळावर उमटले की दुकानदार सहसा बूट परत घेत नाही. सतरंजीवर अर्धा तास घालून बसावे, उभे राहावे, चवड्यावर जोर द्यावा. टाच वर उचलताना बुटातून निसटता कामा नये. बोटे हलवता आली पाहिजेत. पट्टा मधल्या खाचेत आरामात बसला पाहिजे, म्हणजे पाय फुगल्यावर ढिला करायला आणि सकाळच्या गारव्यात आवळायला जागा उरते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा दुपारी पाय किती फुगतो हे आपण जाणताच. वरचा भाग जाळीदार असावा, रंग शक्यतो फिका असावा.

तळाच्या कडकपणावर दुकानदार बराच वेळ घेतात. मी थोडक्यात सांगतो : कार्बनचा तळ पहिल्या जोडीत नको. नायलॉनचा तळ लांब पल्ल्याला पुरेसा कडक असतो, चालताना किंचित वाकतो आणि स्वस्त पडतो. बूट आवळण्यासाठी फिरवायची चकती छान दिसते, पण ती बिघडली तर दारव्ह्यात मिळणार नाही. वेल्क्रोचे पट्टे किंवा नाडी पुरे. नाडी असेल तर तिचे टोक नाडीच्या पट्टीत खोचावे, ती साखळीत गेली की घात होतो. वाचलेले पैसे चांगल्या पेडलमध्ये घालावेत.

पेडल बसवताना गावातील मिस्त्रीला दोन गोष्टी आठवणीने सांगाव्यात. तीन भागांच्या क्रँकच्या (पेडल ज्याला बसते तो दांडा) गिअर सायकलींत पेडलचे आटे ९/१६ इंचाचे असतात, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या दिशेने जोर लावून फिरवले, तर क्रँकचे आटे कायमचे जातात. आट्यांना ग्रीस लावावे.

क्लीट बसवण्यासाठी बूट पायात घालावा, बोटाने चाचपून अंगठ्याच्या मुळाशी असलेले हाड आणि करंगळीच्या मुळाशी असलेले हाड शोधावे, बुटाच्या दोन्ही कडांवर तिथे पेनाने खूण करावी, आणि क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या दरम्यान ठेवावा. लांब पल्ल्यासाठी तो टाचेकडे किंचित सरकलेला चालतो. पुढे सरकलेली क्लीट मात्र चवडा बधिर करते आणि पोटरीवर ताण आणते. नंतर टेबलाच्या काठावर बसून पाय मोकळे सोडावेत व बोटे कोणत्या दिशेला वळलेली आहेत ते पाहावे. बोटे नैसर्गिकपणे बाहेर वळत असतील, तर पाय बळेच सरळ करू नये. क्लीटचे नाक बुटाच्या आतल्या कडेकडे थोडे वळवले, की पायाला त्याचा स्वतःचा कोन मिळतो. गुडघेदुखीचे मूळ पुष्कळदा या एका अंशाच्या फरकात असते. बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. तसे मोजणारा पाना नसेल, तर ४ मिलिमीटरच्या साध्या एलन कीने हाताच्या जोराने चांगले घट्ट करावेत.

आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत. हे मी आग्रहाने सांगतो, कारण काही वर्षांपूर्वी कारंजा ते दारव्हा रस्त्यावर माझ्या उजव्या क्लीटचा एक बोल्ट वाटेत गळून पडला आणि मला ते कळले नाही. पुढे बकऱ्यांचा कळप आला, थांबण्यासाठी मी टाच बाहेर वळवली, तर बूट फिरला, पण एकाच बोल्टावर असलेली क्लीट बुटाखालीच फिरली आणि पेडलमध्ये तशीच अडकून राहिली. डावा पाय वेळेवर सुटला म्हणून रस्त्यावर पडलो नाही. शेवटी पट्टे सोडून पाय बुटातून बाहेर काढावा लागला आणि बूट पेडलवरच लटकत राहिला. तेव्हापासून आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय आणि दर महिन्याला एलन की फिरवून पाहिल्याशिवाय मी निघत नाही. ग्रीस नसेल, तर आपल्या पावसाळ्यात ते बोल्ट गंजून असे जाम होतात की क्लीट झिजल्यावर काढताही येत नाही.

आता आपल्या भीतीबद्दल. ती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. पाय वर ओढून सुटत नाही, मागे खेचूनही सुटत नाही. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटतो. घाबरल्यावर माणूस नेमका पाय वर ओढतो, म्हणून ही हालचाल विचाराशिवाय होईपर्यंत तिचा सराव हवा. पेडलबरोबर कोणती क्लीट आली आहे ते पाहावे; पुष्कळ पेडलबरोबर एसएच-५१ येते. तिच्याऐवजी नवशिक्याने एसएच-५६ घ्यावी, कारण ती अधिक दिशांनी सुटते आणि जोराने वर ओढलेला पायही बहुधा सोडून देते. उभे राहून जोर लावताना ती क्वचित नको तेव्हा सुटते, पण पहिल्या वर्षी तो धोका लहान आहे. पेडलवरचा ३ मिलिमीटरचा ताणाचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून सर्वांत ढिला करावा. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या पेडलला प्रत्येक बाजूचा स्क्रू वेगळा असतो, म्हणजे जोडीत एकूण चार. पुष्कळ जण दोनच ढिले करतात आणि मग कधी पाय सहज सुटतो, कधी सुटत नाही.

सुटीच्या दिवशी शाळेच्या मैदानात, आधी भिंतीला हात टेकवून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवावा व सोडवावा, मग गवतावर सावकाश फिरत तेच करावे. थांबण्याच्या दहा-पंधरा मीटर आधीच पाय सोडवण्याची सवय लावावी. चाक थांबल्यावर सोडवायला गेले, तर तोल आधीच गेलेला असतो.

आपण डावीकडून चालतो, म्हणून बहुतेक जण डावा पाय सोडवतात. पण गावाकडच्या एकेरी डांबरी रस्त्याची कड बाजूच्या पट्टीपेक्षा वीतभर उंच असते. समोरून कापसाची बंडी किंवा ट्रॅक्टर आला, सायकल कडेला घेतली आणि डावा पाय खाली टाकला, तर तिथे जमीनच लागत नाही आणि माणूस पऱ्हाटीत जातो. म्हणून उजव्या पायाचाही तितकाच सराव करावा आणि कडेला थांबायचे असेल तेव्हा डांबरावर उजवा पाय टेकावा. गावाच्या वेशीत, कुत्री मागे लागण्याच्या जागी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी एक पाय आधीच मोकळा ठेवावा. सपाट बाजूच्या पेडलचा तिथेही उपयोग होतो.

बीआरएमच्या किमान सहा आठवडे आधी हे सर्व बसवून झालेले असावे. नव्या बुटांत पहिलाच लांब पल्ला २०० किलोमीटरचा करू नये.

प्रश्न : मी अचलपूर तालुक्यात राहते आणि महिन्यातून दोनदा परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत सायकलने चढते. गटातील पुरुष सांगतात की, क्लीटच्या बुटांनी पेडल वरही ओढता येते, त्यामुळे घाटात निम्मे श्रम वाचतात. मला ४ नंबर लागतो आणि अमरावतीच्या दुकानात ३९ च्या खालचा बूट नाही. जाड मोजे घालून ३९ चालेल का? चढून आल्यावर गुडघा पुढच्या बाजूने दुखतो, तो या बुटांनी थांबेल का?
– एक वाचक भगिनी, अचलपूर तालुका

उत्तर : ताई, ३९ घेऊ नका. आपले माप ३७ च्या आसपास येते, म्हणजे तो बूट एक सेंटिमीटरपेक्षा अधिक मोठा होईल. मोज्यांनी लांबी भरून निघत नाही. टाच प्रत्येक फेरीला उचलली जाते आणि क्लीट चवड्याखाली नेमकी बसवताच येत नाही. अनेक कंपन्यांचे स्त्रियांसाठीचे बूट ३६ पासून निघतात व मागवून मिळतात. थोडे थांबावे लागले तरी चालेल.

पेडल वर ओढून निम्मे श्रम वाचतात, हे खरे नाही. चढावर काम करतो तो खाली दाबणारा पाय; वर येणाऱ्या पायाने फक्त स्वतःचे ओझे पेडलवरून हलके करावे, एवढेच पुरे. मुद्दाम ओढत राहिल्याने श्रम कमी होत नाहीत, हे प्रयोगशाळेतल्या मोजमापांतही दिसलेले आहे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि त्या घाटात आपल्याला बुटांपेक्षा मागच्या मोठ्या दातेरी चक्राचा उपयोग अधिक होईल. पुढे ३४ दात्यांचे लहान चक्र आणि मागे ३४ दात्यांचे मोठे असेल, तर पेडलच्या एका फेरीत चाकही एकच फेरी घेते आणि बसून चढता येते.

गुडघ्याच्या पुढच्या भागातील दुखणे सीट खाली असल्याने आणि जड गिअर रेटल्याने पुष्कळदा होते. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवल्यावर पाय सरळ होतो का, ते पाहावे. होत नसेल, तर सीट थोडी थोडी उचलावी. तरीही दुखणे राहिले, तर अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवावे आणि ते थांबेपर्यंत क्लीटचे बूट घेऊ नयेत, कारण दुखऱ्या गुडघ्याला एका कोनात बांधून ठेवणे हानीचे ठरू शकते. पुढे घ्याल तेव्हा दोन बोल्टचेच घ्यावेत. तीन बोल्टच्या शिमानो क्लीटच घ्यायच्या झाल्या, तर पिवळ्या घ्याव्यात. तिच्यात पायाला ६ अंशांची हालचाल मिळते, निळीत २ अंशांची, आणि लाल क्लीट पायाला अजिबात वळू देत नाही.

प्रश्न : महाविद्यालयातील एक वरिष्ठ विद्यार्थी तीन बोल्टचे वापरलेले बूट आणि पेडल मिळून स्वस्तात देत आहे. माप जुळते. मला रोज सहा किलोमीटर जायचे आहे. घ्यावेत का?
– एक विद्यार्थी, हिंगणघाट

उत्तर : सहा किलोमीटर जाऊन दिवसभर वर्गात चालायचे असेल, तर ते बूट तुझ्या कामाचे नाहीत. रबरी तळाचे साधे बूट आणि खिळ्यांचे सपाट पेडल घे. पुढे शर्यतीत उतरण्याचा विचार असेल आणि म्हणून ते घ्यायचेच असतील, तर तळ दोन्ही हातांनी वाकवून चीर पडली आहे का ते पाहा, टाचेचे आतले अस्तर फाटलेले नाही ना ते पाहा, आणि क्लीटचे तीनही बोल्ट त्याच्यासमोर सोडवून दाखवायला सांग. एकही बोल्ट हलला नाही, तर आटे गंजलेले आहेत असे समज. तो व्यवहार सोडून दे.